प्रचारक आणि पाहुणा

अठरा वर्षे जेमतेम पुरी झालेला एक मुलगा आईबापांचा निरोप घेऊन दोन वर्षांकरिता अशा मुलखात जातो, की जिथली भाषा, अन्न, हवा आणि माणसे यांपैकी एकही गोष्ट त्याच्या परिचयाची नसते. कोणत्या देशात जावयाचे हे तो ठरवीत नाही, कोणाबरोबर राहावयाचे हेही तो ठरवीत नाही, आणि या सगळ्याचा खर्च मात्र बहुतांशी तो स्वतः किंवा त्याचे कुटुंबीय सोसतात. १८३० साली जोसेफ स्मिथ याने अमेरिकेत स्थापन केलेल्या आणि ज्याचा कारभार आज युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी येथून चालतो त्या मॉर्मन पंथाचे असे तरुण प्रचारक जगभर विखुरलेले आहेत. २०१२ पासून मुलांना १८ व्या वर्षी या सेवेस रुजू होता येते; मुलींसाठी तेव्हा १९ वर्षांची मर्यादा ठरली होती. मुलांची मुदत २४ महिन्यांची, मुलींची १८ महिन्यांची. छातीवर काळी नामपट्टी लावून हे तरुण पहाटे साडेसहाला उठतात, व्यायाम, धर्मग्रंथांचे वाचन आणि भाषेचा अभ्यास आटोपून दिवसभर दारोदार हिंडतात, आणि रात्री साडेदहाला दिवा मालवतात. आठवड्यातला एक दिवस काय तो कपडे धुण्यास, बाजारहाटास आणि घरी खुशाली कळविण्यास मोकळा मिळतो. २०१९ पर्यंत घरच्यांशी दूरध्वनीवर बोलण्याची मुभा वर्षातून दोनदाच असे. आता ती दर आठवड्यास मिळते, आणि एवढी एक सवलत त्या शिस्तीत आली याचे मला समाधान वाटते.

ही शिस्त महाड-पोलादपूरच्या वाचकाला परकी वाटू नये. महाड तालुक्यात फौजी आंबवडे नावाचे गाव आहे. ज्या गावाच्या नावालाच फौज चिकटली आहे त्या गावाला कोवळ्या पोराने पोशाख चढवून परमुलखी जाणे, हुकमाप्रमाणे उठणे-बसणे आणि रजेची वाट पाहणे हे सांगण्याची गरज नाही. भेद आहे तो कामगिरीत. शिपायाला सीमा राखावयाची असते. या मुलाला अनोळखी माणसाच्या अंतःकरणात प्रवेश मिळवावयाचा असतो, आणि तोही मैत्रीच्या वाटेने. म्हणून मला पडलेला प्रश्न त्याच्या धर्ममतांचा नाही, त्यांच्या खरेखोटेपणाचा निवाडा करण्याचा अधिकार मी घेत नाही. प्रश्न त्याच्या मैत्रीचा आहे. ज्या मैत्रीच्या पोटी समोरच्याला बदलण्याचा संकल्प आहे तिला मैत्री म्हणावयाचे की नाही? माझे मत असे, की म्हणता येईल, परंतु एका अटीवर: देणाऱ्याने घेतलेही पाहिजे. प्रचारकाजवळ देण्यासारखे पुष्कळ असते, निदान त्याची तशी श्रद्धा असते. त्याने समोरच्या माणसाकडून काय घेतले, त्याच्या ऋणात तो किती आणि किती राजीखुशीने राहिला, यावरून त्याच्या स्नेहाची पारख करावी.

प्रथम त्याच्या सर्वांत निकटच्या सोबतीचा विचार करू. नियम असा आहे, की प्रचारकाने एकट्याने कोठेही जाऊ नये. नेमून दिलेला जोडीदार सदैव दृष्टीच्या आणि हाकेच्या टप्प्यात असला पाहिजे. हा जोडीदार वरिष्ठ ठरवितात आणि काही आठवड्यांनी वा महिन्यांनी तेच बदलतात. निवडीचे स्वातंत्र्य नसताना स्नेह कसा जुळणार, अशी शंका शहरी मनाला येईल. पोलादपूर तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांना ती येणार नाही, कारण गिरणगावातल्या चाळींतून गावकीच्या खोल्यांत जे चाकरमानी पिढ्यान्‌पिढ्या राहिले त्यांनी तरी आपला शेजारी कोठे निवडला होता? पाळीपाळीने झोपणारे, फळीवर ज्याची त्याची ट्रंक मांडून ठेवणारे आणि गावाकडे मनिऑर्डर धाडणारे ते लोक एकाच डोंगराखालून आले एवढ्या एका कारणाने एकत्र पडले, आणि कोणी आजारी पडला तर त्याला गावच्या गाडीत बसवून देईपर्यंत त्याची सगळी जबाबदारी खोलीने उचलली. मॉर्मन तरुणांच्या जोडीतही हेच घडते. एकाला ताप भरला म्हणजे दुसऱ्याचा दिवसही बुडतो. त्याने उशाशी बसावयाचे, पेज शिजवून द्यावयाची, आणि रोजच्या नोंदीत भेटींच्या रकान्यापुढे काहीच लिहावयाचे नाही. या दोघांना एकमेकांना कशातच सामील करून घ्यावयाचे नसते, दोघेही आधीच एका श्रद्धेचे असतात. म्हणूनच त्यांच्यातली देवघेव मोकळी राहते आणि परतलेल्या पुष्कळ प्रचारकांच्या मनात ज्यांना आपण उपदेश केला त्यांच्या आधी जोडीदाराचे नाव येते, यात मला नवल वाटत नाही.

परंतु दारापलीकडच्या माणसाचे काय? त्याच्याशी जुळणाऱ्या मैत्रीची परीक्षा कठीण असते, आणि ती किती कठीण हे समजून घेण्यास सावित्री नदीचे खोरे फार उपयोगी पडते.

महाबळेश्वराच्या माथ्यावर उगम पावून पोलादपूर आणि महाडवरून ही नदी बाणकोटच्या खाडीत समुद्राला मिळते. बाणकोट १७५६ पासून इंग्रजांच्या ताब्यात होते, आणि पश्चिम हिंदुस्थानातल्या पहिल्या स्कॉटिश मिशनऱ्यांनी आपले ठाणे मुंबईऐवजी तेथे आणि त्याच्या दक्षिणेस हर्णैला घातले. त्यांतला पहिला, डोनाल्ड मिचेल, हा पूर्वी सुरतेस कंपनीच्या पलटणीत अधिकारी होता. १८२३ मध्ये तो धर्मप्रचारक होऊन परतला आणि त्याच वर्षी वारला. त्याच्यामागून आलेल्यांत जॉन स्टीव्हन्सन होता, ज्याचे मराठी व्याकरण १८३३ मध्ये प्रसिद्ध झाले. १८२९ च्या फेब्रुवारीत जॉन विल्सन आपली पत्नी मार्गारेट हिच्यासह मुंबईला उतरला तेव्हा त्याचे वय २४ वर्षांचे होते, आणि पुढे ज्याच्या नावाने मुंबईत महाविद्यालय उभे राहिले त्या या माणसाने मुंबईत कामाला लागण्यापूर्वी काही महिने बाणकोट-हर्णैच्या याच टापूत केवळ मराठी शिकण्यात घालविले. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. उपदेश करावयास आलेला विद्वान तरुण पहिले काही महिने विद्यार्थी होऊन बसतो, चुकीचे लिंग आणि चुकीची विभक्ती वापरतो, आणि ज्यांना तो अज्ञानी समजून आला त्यांनी आपल्याला सुधारावे म्हणून त्यांच्या तोंडाकडे पाहतो; त्या काळापुरता तो खरोखर ऋणको असतो.

तथापि त्या ऋणालाही मर्यादा होती, आणि ती दोन्ही बाजूंनी होती. त्या काळचा शास्त्री साहेबाला भाषा शिकवीत असे, त्याचा पगार घेत असे, वादात त्याला निरुत्तरही करीत असे. परंतु साहेबाच्या हातचे पाणी तो पीत नसे. आणि साहेबाची शिकवणी घेताना जो शास्त्री विटाळाचा विचार करी, तोच आपल्या गावातल्या महाराला विहिरीच्या आसपासही फिरकू देत नसे. विद्या एका हातातून दुसऱ्या हातात जाऊ शकत होती, पाणी जाऊ शकत नव्हते. आणि जेथे पाणी अडते तेथे मैत्रीला पुढे सरकता येत नाही, हे महाडइतके लखलखीतपणे दुसऱ्या कोणत्या गावाने दाखविले असेल असे मला वाटत नाही.

१९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव संमत केला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांस खुले असल्याचे जाहीर केले, आणि तरीही १९२७ च्या मार्चपर्यंत त्या तळ्याला अस्पृश्यांचा हात लागू शकला नाही. दप्तरातला ठराव एवढेच करू शकतो. जवळच्या दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे यांनी महाडच्या पेठेत अस्पृश्यांना चहा-पाणी मिळेल असे दुकान सुरू व्हावे म्हणून पुढाकार घेतला तेव्हा ते अगदी तरुण होते, आणि बाजाराला आलेला माणूस तहानलेला परत जातो हे त्यांनी अंगावर सोसलेले होते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले त्या चळवळीत अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस, गंगाधरपंत सहस्रबुद्धे ही सवर्ण मंडळी उभी होती. त्याच वर्षीच्या डिसेंबरात दुसऱ्या परिषदेला गावात कोणी जागा देईना, तेव्हा ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. यांपैकी कोणीही दुसऱ्याला आपल्या धर्मात ओढण्यासाठी तेथे आला नव्हता. ज्याला जे देता येत होते ते त्याने दिले, आणि स्वजातीचा रोष पत्करून दिले. मैत्री या शब्दाला मी जो अर्थ देतो तो मला येथे पुरेपूर भरलेला दिसतो.

आता या खोऱ्यात आपला मॉर्मन तरुण येऊन एखाद्या घराच्या पडवीत बसला आहे अशी कल्पना करा. ऊन चढलेले आहे. घरातली बाई प्रथम तांब्या-भांडे आणि गुळाचा खडा आणून ठेवते, मग आत जाऊन चुलीवर चहाचे आधण ठेवते, आणि घरात दूध नाही असे दिसल्यावर मागल्या दाराने शेजारणीकडून कपभर दूध उसने आणते. पाहुण्याला यातले काहीच दिसत नाही. चहा समोर येतो आणि तो म्हणतो, नको. त्याच्या पंथात १८३३ पासून मानल्या जाणाऱ्या एका शिकवणीप्रमाणे चहा, कॉफी, मद्य आणि तंबाखू वर्ज्य आहेत. तांब्यातले पाणीही तो बहुधा टाळतो, कारण परदेशात आजारी पडू नये म्हणून बाटलीतले पाणी प्यावे अशी ताकीद त्याला असते. दोन्ही नकार त्याच्या दृष्टीने निर्दोष आहेत. परंतु ज्या मुलखात एखाद्याच्या हातचे न घेणे याचा अर्थ शेकडो वर्षे एकच होत आला, आणि तो अर्थ पुसून टाकण्यासाठी माणसांनी डोकी फोडून घेतली, त्या मुलखात त्या बाईच्या मनात काय येईल? ती जर बौद्धवाड्यातली असेल, तर या गोऱ्या पोरालाही आपल्या हातचे चालत नाही, हा विचार तिच्या मनाला शिवल्यावाचून राहील काय?

त्याने व्रत मोडावे असे मी म्हणत नाही. व्रत पाळणाऱ्याविषयी आपल्याकडे आदरच असतो. एकादशीला जेवणाला नाही म्हणणाऱ्याचा कोणी राग धरीत नाही, कारण तो खुर्चीवरून नुसती मान हलवीत नाही, तर कारण सांगतो आणि दुसरे काहीतरी मागून घेतो. या तरुणाने तेवढे केले पाहिजे. चहा चालत नाही, परंतु कोकमाचे सरबत चालेल, चुलीवरून उतरलेली नाचणीची भाकरी चालेल, कुळथाची पिठी चालेल. हे त्याने मागावे, आपल्या तोंडाने मागावे, आणि बाईने वाढलेले तिच्यासमोर बसून खावे. मागणाऱ्याला थोडे खाली यावे लागते. त्यातून जी बरोबरी निर्माण होते ती कोणत्याही पुस्तिकेच्या वाटपातून होणार नाही.

मॉर्मनांचे आरंभीचे प्रचारक याविषयी आजच्यापेक्षा अधिक धाडसी होते. ह्यू फिंडले हा स्कॉटिश गृहस्थ १८५२ च्या सप्टेंबरात मुंबईला उतरला आणि पुढे पुण्यास गेला; छावणीच्या हद्दीत उपदेश करण्यास लष्करी अधिकाऱ्यांनी त्याला मनाई केली, तरी थोडे शिपाई व थोडे इतर मिळून त्याने एक लहानशी मंडळी जमविली. त्याच सुमारास सॉल्ट लेक सिटीहून निघालेले नऊ प्रचारक कॅलिफोर्नियामार्गे १८५३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्यास पोचले. पैशाची थैली न बाळगता, लोक देतील त्यावर गुजराण करावयाची, असा त्यांचा बाणा होता. परंतु मागावयाचे कोणाजवळ, याचे उत्तर त्यांनी चुकीचे दिले असे मला वाटते. त्यांनी हात पसरला तो मुख्यत्वे आपल्याच वर्णाच्या लोकांपुढे, आणि १८५२ च्या ऑगस्टमध्ये युटात जाहीर झालेल्या बहुपत्नीत्वाची वार्ता येऊन थडकल्यावर ती दारे धडाधड बंद झाली. एतद्देशीयांपुढे ते कितीही निर्धन असले तरी राज्यकर्त्यांच्या जातीचेच राहिले. १८५६ पर्यंत बहुतेक सर्वजण परतले होते. ज्या देशात भिक्षेकऱ्याला घालण्यासाठी घरोघर मूठ काढून ठेवलेली असे, त्या देशात हे भिक्षाव्रती उपाशी राहिले, याचे मला आजही वाईट वाटते.

भिक्षेचे मर्म याच खोऱ्यात एका महापुरुषाने उलगडून सांगितले होते. महाडपासून जवळच वरंध्याच्या डोंगरात शिवथरची घळ आहे. दासबोध तेथे सांगितला गेला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला अशी परंपरा आहे. समर्थ रामदासांनीही तरुण शिष्यांना घरापासून तोडून दूरदेशी धाडले, भीमस्वामी तर थेट तंजावरपर्यंत गेले. परंतु समर्थांच्या योजनेत भिक्षा हे पोट भरण्याचे साधन नाही. दारात उभे राहून ते घर ओळखावे, त्यातल्या माणसांचे सुखदुःख जाणावे, आणि मग काय बोलावयाचे ते ठरवावे, असा त्यांचा आग्रह आहे. आधी मूठभर धान्य झोळीत, नंतर बोध: हा क्रम मला कोणत्याही प्रचारकाच्या नियमपुस्तकात पहिल्या पानावर हवा आहे.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो सोडून देण्यासारखा नाही. ज्याला आपण परम सत्य मानतो ते मित्रापासून लपवून ठेवणे हीच खरी प्रतारणा नव्हे काय? हा आक्षेप मला मान्य आहे. जो मित्र आपल्या श्रद्धेविषयी माझ्याशी एक अक्षर बोलत नाही, त्याने मला अर्धवटच जवळ केले आहे. म्हणून प्रचारकाने बोलावे. कस लागतो तो मित्र नाही म्हणाल्यानंतर. आपल्या इतिहासात याची दोन उदाहरणे आहेत, आणि दोन्हींत आपली बाजू स्त्रियांनी लढविली. गोपाळराव जोशी यांनी १८७८ मध्ये पत्नी आनंदीबाई यांच्या शिक्षणासाठी कोल्हापूरच्या मिशनशी संबंधित अशा विल्डर यांना पत्र लिहिले, तेव्हा त्या धर्मोपदेशकाच्या उत्तराचा रोख ख्रिस्तास मानण्याकडे होता. तोच पत्रव्यवहार मिशनच्या नियतकालिकात छापून आला आणि न्यू जर्सीतील रोझेल येथल्या थिओडोशिया कार्पेंटर या बाईंच्या वाचनात १८८० मध्ये आला. त्यांनी कोणतीही अट न घालता आनंदीबाईंना पत्र लिहिले. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे जाहीरपणे सांगून निघालेली ती मुलगी १८८३ मध्ये त्यांच्या घरी उतरली, त्यांना मावशी मानू लागली, १८८६ मध्ये डॉक्टर झाली; पुढल्या वर्षी पुण्यात ती गेली, तेव्हा तिची रक्षा कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत विसावली. एकच पत्र धर्मोपदेशकाने वाचले आणि एका गृहिणीने वाचले. दुसरीकडे पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, स्वेच्छेने घेतला, आणि तरीही तेथल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार म्हणजे एक प्रदीर्घ झगडा झाला. कारण धर्म स्वीकारल्यावरही आपल्या बुद्धीने विचार करण्याचा हक्क रमाबाई सोडीनात, आणि त्यांच्यावर मनापासून माया करणाऱ्या त्या गुरुभगिनीला या शिष्येपासून काही शिकता येईल हे पटेना. माया होती, नाते होते. घेण्याची तयारी नव्हती.

यजमानाच्या पदरीही दोष आहेत, आणि ते मी झाकणार नाही. परका प्रचारक दारात आला म्हणजे आपण एकतर त्याला साहेब समजून वाजवीपेक्षा जास्त झुकतो, नाहीतर तो कोणाला फसवावयास आला आहे असे धरून चालतो. त्याच्या घरी कोण आहे, बाप काय करतो, गावाकडे पाऊस केव्हा पडतो, एवढे साधे प्रश्न त्याला विचारण्याचे सुचत नाही. १९ वर्षांच्या पोराला घरची आठवण येत असेल हे ज्या आईच्या लक्षात येते तिने त्याच्यावर जो उपकार केला त्याची तुलना कशाशीही होणार नाही. आणि अडचणीच्या वेळी परक्याला आत घेण्याचे सामर्थ्य या लोकांत नाही असेही नाही. २०२१ च्या जुलैत महाड शहर पाण्याखाली गेले, तळियेवर डोंगर कोसळला, पोलादपूर तालुक्यातही वाड्या गाडल्या गेल्या, तेव्हा राज्याच्या कानाकोपऱ्यांतून निरनिराळ्या पंथांची आणि संघटनांची माणसे फावडी घेऊन आली व दुकानादुकानांतला चिखल उपसू लागली. चिखलाने माखलेल्या माणसाला कोणी त्याचे दैवत विचारले नाही, आणि त्यानेही घरमालकाला ते विचारले नाही. मॉर्मन तरुणांच्या कार्यक्रमातही सेवेचे तास असतात. मला वाटते, त्यांच्या दोन वर्षांतला सर्वांत निर्मळ भाग तोच असावा.

म्हणून त्यांच्या वरिष्ठांपुढे मी एक सूचना ठेवतो. परदेशी आलेल्या तरुणाला पहिले सहा महिने उपदेशाची मनाई असावी. त्याला एका कुटुंबाच्या हवाली करावे; आवणीच्या दिवसांत त्याने त्यांच्याबरोबर चिखलात उतरावे, त्यांची भाषा त्यांच्याकडून शिकावी, चुका काढून घ्याव्या, जे पानात पडेल ते व्रत सांभाळून खावे, आणि काही आठवड्यांनी बदली करण्याचा शिरस्ता त्या मुदतीपुरता तहकूब ठेवावा. त्यानंतर त्याने आपल्या धर्माविषयी अवश्य बोलावे. ऐकणारा पटले तर पटले म्हणेल, न पटले तर तोंडावर तसे सांगेल. आणि तसे सांगितल्यावरही पुढल्या गणपतीला त्या तरुणाला जेवायचे बोलावणे जाईल, आणि तो येईल.